फ्रेंचमधला प्ल्युस-क-पार्फे: मराठीत 'होतं' आलं की हाच काळ लावायचा का?

पालवी

नमस्कार मंडळी,

मी सध्या पुण्यात फ्रेंच शिकतेय आणि पुढच्या सत्रात डेल्फ बी-वन ही फ्रेंचची परीक्षा द्यायचा विचार आहे. प्ल्युस-क-पार्फे नावाच्या काळापाशी (भूतकाळाच्याही आधीचा भूतकाळ) आमची अख्खी बॅच थबकलीय. बनवायचा कसा हा प्रश्नच नाही, ते सोप्पंय, आव्वार किंवा एत्र या सहायक क्रियापदाचं अँपार्फेमधलं (म्हणजे 'करत होतो'वाल्या भूतकाळातलं) रूप घ्यायचं आणि त्याला पार्तिसीप पासे, म्हणजे मुख्य क्रियापदाचं 'गेलेला-केलेलं' असं रूप, जोडायचं. 'झावे मांझे' म्हणजे मी जेवले होते, 'झेते आले' म्हणजे मी गेले होते. एत्रवाली क्रियापदंही पाठ आहेत, जाणं येणं, निघणं पोचणं, चढणं उतरणं, जन्मणं मरणं, राहणं पडणं वगैरे, आणि सगळी 'स' (म्हणजे स्वतःला) लागणारी.

अडचण आहे ती वापरायचा कधी याची. आमच्या अभ्यासाच्या ग्रुपवर कोणीतरी युक्ती टाकली की वाक्य मराठीत म्हणून बघायचं, शेवटी 'होतो-होते-होतं' आलं की प्ल्युस-क-पार्फे. ऐकायला मस्त वाटतं. पण पुस्तकात 'काल मी मंडईत गेले होते' या अर्थाच्या वाक्याला 'इयेर, झ स्युई आले ओ मार्शे' असं दिलंय, म्हणजे सरळ पासे कोंपोझे, साधा 'गेले-केलं'वाला भूतकाळ. मग ते 'होते' गेलं कुठे? आणि 'सी' म्हणजे जर-तरच्या वाक्यात हाच काळ का येतो? आणि शेवटचं, हे पार्तिसीपच्या शेपटीला कधी जादा अक्षर लागतं कधी नाही, ते मराठी माणसाला समजेल असं कोणी सांगू शकेल का? इथे फ्रेंच येणारे बरेच जण आहेत म्हणून धागा काढला.

तुलूझकर

चांगला धागा. मी गेली बरीच वर्षं तुलूझला आहे, विमानांच्या कारखान्याशी संबंधित काम, त्यामुळे व्याकरण पुस्तकातून कमी आणि ऑफिसात जास्त शिकलोय. माझ्या दृष्टीने आधी ही तीन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून बघ, पहिला भाग तिन्हीत तोच आहे, 'काँ झ स्युई आरिवे आ ला गार' म्हणजे मी स्टेशनवर पोचलो तेव्हा,

...ल त्रँ पार्ते. गाडी सुटत होती. म्हणजे धावलो तर मिळेल अशी आशा आहे.

...ल त्रँ ए पार्ती. गाडी सुटली. मी पोचलो आणि ती सुटली, एकामागे एक.

...ल त्रँ एते पार्ती. गाडी सुटली होती. फलाट मोकळा, माझा काही उपयोग नाही.

फक्त पार्ते, ए पार्ती, एते पार्ती इतकाच फरक आणि तीन वेगळ्या गोष्टी घडल्या. हे तीन मराठीत जसेच्या तसे जुळतात बघ, सुटत होती, सुटली, सुटली होती. इंग्रजीतून फ्रेंच शिकणाऱ्यांपेक्षा आपल्याला इथे बरंच सोपं जातं असं माझं ठाम मत आहे, आणि क्लासमध्ये सगळं इंग्रजीतून समजावतात त्याने मराठी मुलांचं उगाच नुकसान होतं.

भाषावेडी

पालवी, मी ज्युनियर कॉलेजला फ्रेंच शिकवते, आणि ती ग्रुपवरची युक्ती मुलांच्या तोंडी दरवर्षी येते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मराठीतला 'गेले होते' दोन वेगवेगळी कामं करतो. एक काम तुलूझकरदादांनी दाखवलं ते, भूतकाळातल्या एका घटनेच्या आधी दुसरी घटना पूर्ण झालेली असणं. पण आपण त्याचा दुसरा उपयोग रोज करतो आणि तो फ्रेंचमध्ये नाही. 'काल मी मंडईत गेले होते' यात मंडईच्या आधीची किंवा नंतरची कुठलीच दुसरी घटना नाही. इथे 'होते' इतकंच सांगतं की जाऊन आले, ते संपलं, आता मी तिथे नाही. 'गेल्या वर्षी आम्ही केरळला गेलो होतो', 'हा पिक्चर मी पाहिला होता', 'लहानपणी मला कुत्रा चावला होता', सगळं ह्याच जातीचं. फ्रेंच माणूस या सगळ्याला पासे कोंपोझे लावेल कारण त्याच्या लेखी ती एक झालेली घटना आहे, बस.

म्हणून 'होतं' आहे का हे बघू नकोस. बघायचं हे की वाक्याला भूतकाळातला एखादा क्षण आहे का, जिथे उभं राहून आपण आणखी मागे बघतोय. तो क्षण वाक्यात लिहिलेला असेल नाहीतर बोलण्यातून कळत असेल. चाचणी म्हणून वाक्यात 'तोपर्यंत' किंवा 'त्याआधीच' घालून बघ. 'मी पोचले, तोपर्यंत गाडी सुटली होती', बसलं. 'काल मी तोपर्यंत मंडईत गेले होते', कशापर्यंत? बसत नाही. मग पासे कोंपोझे.

आता गंमत अशी की तेच मंडईचं वाक्य संदर्भ बदलला की प्ल्युस-क-पार्फे होतं. मैत्रीण म्हणाली, 'काल चार वाजता तुला फोन केला, उचलला नाहीस', आणि तू म्हणालीस 'हो गं, मंडईत गेले होते'. आता चार वाजताचा फोन हा क्षण आहे आणि तू त्याच्या आधीच घरातून गेलेली होतीस. इथे 'झेते आले ओ मार्शे' अगदी बरोबर. म्हणजे एकच मराठी वाक्य आणि फ्रेंच दोन, कुठलं ते आजूबाजूचं बोलणं ठरवतं. परीक्षेत सुटं वाक्य दिलं की मुलं गोंधळतात ती ह्यामुळे, त्यांचं तितकंसं चुकत नाही.

अजून एक. गोष्ट जशी घडली त्याच क्रमाने सांगत असशील तर ह्या काळाची गरजच पडत नाही. उठले, आंघोळ केली, नाश्ता केला, निघाले, सगळं पासे कोंपोझेत एकामागून एक. नाश्ता निघण्याच्या आधी झाला म्हणून त्याला प्ल्युस-क-पार्फे लावायचा नाही, क्रमानेच ते कळतंय. सांगता सांगता आपण मागे वळतो तेव्हाच तो लागतो, 'निघाले, रस्त्यात भूक लागली, कारण नाश्ता केला नव्हता'. हा नाश्ता आता मागे वळून सांगितला.

काटेकोर

भाषावेडी ताई, उत्तम प्रतिसाद, पण एक शंका. फ्रेंच लोक 'झावे उब्लिये!' असं सुटं म्हणतात, म्हणजे 'अरे, मी विसरलोच होतो!' किंवा समोर कोणी दिसलं की 'झ न तावे पा व्यू', तू दिसलाच नव्हतास मला. इथे दुसरी घटना कुठे आहे? तुमच्या नियमाने इथे पासे कोंपोझे यायला हवा ना.

भाषावेडी

शंका रास्त आहे. दुसरा क्षण इथेही आहे, फक्त तो आत्ताचा आहे, लक्षात आलं तो. आत्ता आठवलं, त्याच्या आधीपर्यंत विसरलेलं होतं. आत्ता दिसलास, त्याआधी दिसला नव्हतास. तो क्षण दोघांच्या डोळ्यासमोर घडतोय म्हणून शब्दात सांगायची गरज पडत नाही. 'तोपर्यंत'ची चाचणी इथेही लागू होते की, 'आत्तापर्यंत मी विसरलोच होतो'.

तुलूझकर

ह्यात माझीही भर, कारण ऑफिसात हा काळ सगळ्यात जास्त ऐकू येतो तो असाच सुटा. मीटिंगला कोणी उशिरा आलं की 'ओं नावे दी युईत अर!', आपलं आठचं ठरलं होतं! आणि पार्टचं ड्रॉइंग चुकलं की कोणीतरी हमखास, 'झ त लावे ब्यँ दी', मी तुला सांगितलं होतं ना! आपल्या 'सांगितलं होतं ना'ला जी धार आहे ती सगळी त्या 'ब्यँ'मध्ये आहे. नवीन आलेल्या मराठी पोरांना मी आधी ही दोनच वाक्यं पाठ करायला सांगतो, त्यावरून काळाचा सूर आपोआप कानात बसतो.

आणि नम्रपणासाठीही वापरतात. साहेबांच्या दारात उभं राहून 'झेते वन्यू वू दमांदे अँ सेर्व्हीस', एक काम सांगायला आलो होतो. माणूस समोर उभा आहे, अजून काम सांगायचंय, तरी 'आलो होतो'. आपणही अस्संच बोलतो की, 'जरा विचारायला आलो होतो साहेब'. ह्या बाबतीत दोन्ही भाषा सख्ख्या बहिणी वाटतात मला.

पालवी

ताई, दादा, खूप खूप धन्यवाद, फोनचं उदाहरण वाचून एकदम उलगडलं. आमच्या ग्रुपवर पाठवते. आता ते जर-तरचं कोणीतरी घ्या ना.

माँत्रेयालकर

जर-तर मी घेतो, कारण इकडे कॅनडात कायमच्या वास्तव्यासाठी टेफ ही फ्रेंचची परीक्षा दिली तेव्हा ह्यावरच सगळ्यात जास्त घाम गाळला होता.

घडून गेलेल्या गोष्टीबद्दल 'असं झालं असतं तर तसं झालं असतं' म्हणायचं तर फ्रेंचमध्ये 'सी'च्या भागात प्ल्युस-क-पार्फे आणि दुसऱ्या भागात कोंदिस्योनेल पासे, म्हणजे 'झालं असतं'वालं रूप. 'सी झावे स्यू, झ न सरे पा वन्यू', मला माहीत असतं तर मी आलो नसतो. मराठीत बघा, 'असतं' आणि 'नसतो', दोन्हीकडे एकच रूप! आपल्या डोक्यात ते इतकं घट्ट बसलेलं असतं की मराठी माणूस फ्रेंचमध्येही दोन्हीकडे कोंदिस्योनेल लावून मोकळा होतो, 'सी झोरे स्यू' वगैरे, आणि ते फ्रेंच कानाला फार खुपतं. इथल्या शाळेत पोरांना एक ओळ शिकवतात, 'ले सी नेम पा ले रे', म्हणजे 'सी'ला 'रे'वाली रूपं आवडत नाहीत (कोंदिस्योनेलचा शेवट 'रे' असा होतो ना). गंमत म्हणजे उच्चाराने तेच वाक्य 'करवतींना पाकट मासे आवडत नाहीत' असंही ऐकू येतं, म्हणून पोरांच्या लक्षात राहतं. 'सी' दिसला की त्याच्या पोटात 'रे' येऊ द्यायचा नाही, इतकं पाळलं की झालं.

दुसरा भाग मात्र बदलू शकतो. परिणाम आजचा असेल तर तिथे साधा कोंदिस्योनेल येतो. मेडिकलला गेलो असतो तर आज डॉक्टर असतो, यात 'गेलो असतो'ला प्ल्युस-क-पार्फे, पण 'आज डॉक्टर असतो'ला 'झ सरे मेद्सँ'. मराठीत 'गेलो असतो' आणि 'असतो' असा फरक आहेच, तोच धरून चाला.

नुसती हळहळ असेल तर दुसरा भाग गाळूनच टाकतात. 'सी सलमाँ झावे स्यू!', नुसतं माहीत असतं तर! आणि 'कॉम सी' म्हणजे जणू काही. भांडण होऊन दुसऱ्या दिवशी नवरा-बायको काही झालंच नाही अशा थाटात वावरतात, 'कॉम सी र्यँ न सेते पासे'. हा तुकडा कथा-कादंबऱ्यांत फार भेटतो, तोंडपाठ करून ठेवा, निबंधात एकदा तरी वापरता येतो.

काटेकोर

+१, आणि त्या 'सी'बद्दल एक जोडतो. 'तो आला असता का ते मला माहीत नाही' अशा वाक्यात जो 'सी' येतो तो जर-तरचा नाही, तो 'की नाही' अर्थाचा. त्याच्यामागे 'रे' चालतो. करवतीची ओळ फक्त अटीच्या 'सी'साठी आहे, नाहीतर लोक तीही सगळीकडे लावत बसतात.

भाषावेडी

आता पालवीचा तिसरा प्रश्न, शेपटीचा. मला हा भाग शिकवायला मनापासून आवडतो कारण मराठी मुलांच्या हातात ह्याची किल्ली आधीपासून असते.

एत्रबरोबर असेल तर कर्ता बघायचा. आपण बाई म्हणून 'गेले होते' म्हणतो आणि पुरुष 'गेलो होतो' म्हणतो, तसंच 'झेते आले' पुरुषाने लिहिलं तर साधं आणि बाईने लिहिलं तर शेवटी जादा 'ई' हे अक्षर. उच्चार तोच, लिहिण्यात फरक. अनेकवचनाला 'एस'. इंग्रजीत 'आय हॅड गॉन' बाईचं की पुरुषाचं काही कळत नाही, त्यामुळे इंग्रजीतून विचार केला की शेपूट हमखास विसरते. मराठीतून विचार कर, आपोआप आठवेल.

आव्वारबरोबर कर्त्याकडे बघायचंच नाही. 'मी पत्रं लिहिली होती' हे वाक्य घे. लिहिणारी मी, पण 'लिहिली' कोणाच्या मागे गेलं? पत्रांच्या! मी पुरुष असो की बाई, 'पत्रं लिहिली', 'पोळी खाल्ली', 'आंबा खाल्ला'. म्हणजे क्रियापदाने कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलायचं ही गोष्ट आपल्या रक्तात आहे. फ्रेंचमध्ये आव्वारबरोबर हेच होतं, फक्त एक अट, कर्म क्रियापदाच्या आधी आलेलं असलं पाहिजे. 'झावे एक्री ले लेत्र', पत्रं नंतर आली, बदल नाही. 'ले लेत्र क झावे एक्रीत', 'जी पत्रं मी लिहिली होती ती', पत्रं आधी आली, म्हणून एक्री चं एक्रीत झालं, स्त्रीलिंगी आणि अनेकवचनी. बोलतानाही तो 'त' ऐकू येतो. फक्त लिंग फ्रेंच शब्दाचं धरायचं, आपल्या मनातल्या मराठी शब्दाचं नाही. पत्र आपल्याकडे नपुंसकलिंगी, तिकडे ते स्त्रीलिंगी.

हा आधी-नंतरचा नियम सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो या कवीने इटालियनच्या धर्तीवर रुजवला असं मानतात. २०१८ साली बेल्जियममधल्या दोन माजी शिक्षकांनी लिबेरास्यों या दैनिकात लेख लिहून मागणी केली होती की आव्वारबरोबरची ही शेपूट काढूनच टाका, मुलांचे किती तास यात जातात. मोठा वाद झाला होता. मला त्यांचं म्हणणं पटतं, पण परीक्षेत अजून मार्क जातात, तेव्हा शिकून घ्यायलाच हवं.

'स'वाल्या क्रियापदांत एक खाच आहे तेवढी सांगते. 'एल सेते लावे', तिने अंग धुतलं होतं, इथे शेपूट लागते. 'एल सेते लावे ले मँ', तिने हात धुतले होते, इथे शेपूट नाही, कारण धुतले गेले ते हात आणि ते क्रियापदाच्या नंतर आलेत. ऐकायला 'लावे' दोन्हीकडे सारखंच.

पोर्ट_लुईस

जरा अवांतर, पण राहवलं नाही म्हणून लिहितो. मी नोकरीनिमित्त मॉरिशसला होतो. तिथे मराठी कुटुंबं आहेत हे बऱ्याच जणांना माहीत असेल, घरात गणपती बसतो आणि बोलणं मात्र क्रिओलमध्ये. ही क्रिओल फ्रेंचपासूनच झालेली, पण तिने हा सगळा शेपटांचा पसारा टाकून दिलाय. जेवलो होतो म्हणायचं तर 'मो ती फिन मांझे'. 'ती' म्हणजे भूतकाळ आणि 'फिन' म्हणजे पुरं झालं, दोन छोटे शब्द क्रियापदाच्या आधी ठेवले की काम झालं, एत्र नाही, आव्वार नाही, बाई-पुरुष नाही. अर्थ तोच, भूतकाळाच्याही आधी पुरं झालेलं. शाळेत मात्र मुलांना फ्रेंच शिकावंच लागतं आणि तिथे ती मुलंही शेपटांनी तितकीच वैतागतात.

पालवी

अवांतर अजिबात नाही, फारच भारी माहिती! 'ती फिन' लक्षात राहील.

अजून दोन गोष्टी विचारते. पुस्तकात 'एक तासापासून वाट बघत होते तेवढ्यात बस आली' याला 'झातांदे दप्युई यून अर' असं अँपार्फे दिलंय. क्लासमध्ये इंग्रजीतून 'हॅड बीन वेटिंग' असं सांगितलं म्हणून आम्हा सगळ्यांना वाटलं की 'हॅड' आहे तर प्ल्युस-क-पार्फे हवा. आणि 'गाडी नुकतीच सुटली होती' हे कसं म्हणायचं?

तुलूझकर

बघ, म्हणूनच म्हणत होतो इंग्रजी बाजूला ठेवा. 'वाट बघत होते' हे मराठीत चालू क्रियेचं रूप आहे, आणि 'बघत होते', 'राहत होते', 'करत होते' म्हणजे अँपार्फे. वाट बघणं संपलं नव्हतं, बस आली तेव्हाही चालूच होतं. संपलेलं नाही तर प्ल्युस-क-पार्फे येईलच कसा. 'मी दहा वर्षांपासून पुण्यात राहत होतो', तेही अँपार्फे.

नकारात मात्र उलटतं. 'त्याला दहा वर्षांत पाहिलं नव्हतं' हे 'झ न लावे पा व्यू दप्युई दी झाँ'. इथे पुन्हा मराठी 'पाहिलं नव्हतं' म्हणतेच आहे, 'पाहत नव्हतो' नाही. म्हणजे 'दप्युई'च्या ('पासून'च्या) वाक्यात तरी मराठी रूपावर डोळे झाकून विश्वास ठेव.

'नुकतीच सुटली होती'ला वेगळी सोय आहे, व्हनीर द (व्हनीर म्हणजे येणं). 'ल त्रँ वने द पार्तीर'. व्हनीरचं अँपार्फे आणि पुढे मूळ क्रियापद. इथे 'एते पार्ती' म्हटलंस तर चूक नाही, पण 'नुकतीच' निघून जातं.

काटेकोर

आणि सवयीच्या वाक्यातला विसरू नका. 'काम आटोपलं की तो कॅफेत जायचा'. जाणं रोजचं म्हणून अँपार्फे, पण आटोपणं रोज जाण्याच्या आधी पुरं व्हायचं म्हणून तिथे प्ल्युस-क-पार्फे, 'काँ इल आवे फिनी सों त्रावाय, इल आले ओ काफे'. मराठीत 'आटोपलं की' इतकंच आहे, 'होतं' कुठेच नाही, तरी फ्रेंचमध्ये हा काळ येतो.

माँत्रेयालकर

ऐकण्याच्या परीक्षेसाठी थोडं, कारण बरेच जण लिहिण्यातच अडकतात. सगळा फरक पहिल्या शब्दात आहे. 'झ मांझे' खात होतो, 'झे मांझे' खाल्लं, 'झावे मांझे' खाल्लं होतं. पुढचं 'मांझे' जवळजवळ सारखंच ऐकू येतं, तेव्हा कान क्रियापदावर नाही तर त्याच्या आधीच्या तुकड्यावर ठेवा. भराभर बोलताना 'झेते'चं 'श्ते' होतं, 'श्ते पार्ती'. आणि 'न' तर बोलण्यात गळतोच, 'झावे पा व्यू'. 'आम्ही'साठी 'नू' फारसं ऐकू येणार नाही, 'ओं'च येतो, 'ओं नावे मांझे', 'ओं नेते पार्ती'. हे आधी माहीत नसेल तर रेकॉर्डिंगमध्ये काय चाललंय ते काही केल्या कळत नाही.

तुलूझकर

इकडे दक्षिणेत तर शब्दाच्या शेवटचे ते दोन वेगळे 'ए' अगदी एकच होतात, 'खात होतो'चं 'मांझे' आणि 'खाल्लं'चं 'मांझे' यांत काडीचा फरक उरत नाही. त्यामुळे वरच्या प्रतिसादाला जोरदार अनुमोदन.

पालवी

सरावासाठी मी तीन वाक्यं टाकते, कोणीतरी तपासा. मुद्दाम मराठीतच ठेवलीत आणि खाली माझी उत्तरं.

१. मी पोचले तेव्हा सगळे जेवले होते. 'काँ झ स्युई आरिवे, तू ल मोंद आवे देझा मांझे.'

२. गेल्या वर्षी आम्ही पाँडिचेरीला गेलो होतो. 'लाने दर्नियेर, ओं ने ताले आ पोंदिशेरी', म्हणजे पासे कोंपोझे.

३. तो म्हणाला की माझी किल्ली हरवलीय. इथे अडलेय. मराठीत 'हरवलीय' आहे, 'होती' नाहीच. मग 'इल आ दी किल आ पेर्द्यू' चालेल का?

आणि कथांमध्ये 'इल य फिनी' असं काहीतरी दिसतं तेही ह्याच कुटुंबातलं का?

भाषावेडी

पहिली दोन अगदी बरोबर, आणि 'देझा' आव्वार आणि पार्तिसीपच्या मध्ये ठेवलास ते फार छान. 'पा', 'झामे', 'आंकोर', 'ब्यँ' हे सगळे तिथेच बसतात.

'इल य फिनी' म्हणजे पासे आँतेरियर. आव्वारचं पासे सँप्ल (कथा-कादंबऱ्यांतला लिखित भूतकाळ) घेऊन बनतो, आणि पासे सँप्लमध्ये लिहिलेल्या गोष्टीत 'अमुक होताच तमुक झालं' अशा जागी येतो. ओळखता आला की पुरे, बी-वनला लिहायची गरज नाही. त्याच गोष्टींमध्ये मागचं सांगायला प्ल्युस-क-पार्फेही भरपूर असतो, तो आत शिरला, खिडक्या कोणीतरी आधीच लावून घेतल्या होत्या, अशा ठिकाणी.

आता तिसरं वाक्य, जे तू फार योग्य निवडलंस. दुसऱ्याचं बोलणं सांगताना मराठी माणूस त्याचा काळ हलवत नाही. तो जे म्हणाला तेच शब्द 'की'च्या पुढे ठेवतो. 'माझी किल्ली हरवलीय' असं तो म्हणाला, आपण 'माझी'सुद्धा तशीच ठेवतो. फ्रेंच असं करत नाही. म्हणणं भूतकाळात गेलं की त्याच्या पोटातला पासे कोंपोझे एक पायरी मागे सरकतो आणि 'माझी'ची 'त्याची' होते, 'इल आ दी किल आवे पेर्द्यू सा क्ले'. कारण बोलण्याचा क्षण भूतकाळातला आणि किल्ली हरवली त्याच्याही आधी. 'तोपर्यंत' लावून बघ, तो म्हणाला तोपर्यंत हरवली होती. बसतंय.

हे फक्त 'म्हणाला'पुरतं नाही, कळलं, वाटलं, लक्षात आलं, ऐकलं, सगळ्यांमागे हेच. म्हणून युक्ती दोन्हीकडून फसते, मंडईच्या वाक्यात 'होते' असून हा काळ नाही आणि किल्लीच्या वाक्यात 'होती' नसून आहे. 'मी स्टेशनवर पोचले तेव्हा लक्षात आलं की तिकीट घरीच राहिलंय', हे करून बघ.

पालवी

'काँ झ स्युई आरिवे आ ला गार, झ म स्युई राँद्यू कोंत क झावे लेसे मों बिये आ ला मेझों.'

आरिवेला शेपूट लावली कारण एत्र आहे आणि मी बाई. राँद्यूला नाही लावली, पण का नाही ते मात्र नीट सांगता येत नाहीये.

भाषावेडी

तिन्ही काळ बरोबर. 'स राँद्र कोंत'मध्ये 'कोंत' हेच कर्म धरतात आणि ते नंतर येतं, म्हणून राँद्यू तसंच राहतं, 'एल सेते लावे ले मँ'सारखंच. लेसेलाही शेपूट नाही कारण बिये नंतर आलंय. आता बियेच्या जागी क्ले घालून 'जी किल्ली मी घरी ठेवली होती ती' असं लिहून बघ, तिथे लागेल.

पालवी

'ला क्ले क झावे लेसे आ ला मेझों', लेसेच्या शेवटी जादा ई, कारण क्ले आधी आली आणि ती स्त्रीलिंगी.

भाषावेडी

बरोब्बर. पुढची वाक्यंही इथेच टाक, तपासून देईन.